प्रभा अत्रे : रचनाकार आणि शिक्षिका म्हणून त्यांचा अभ्यास कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशकात राहून एमए संगीत करताय, प्रकल्पाला शास्त्रीय गायिका डॉ. प्रभा अत्रे हा विषय घेतलाय, आणि जिथे बघावं तिथे पुरस्कारांची जंत्रीच हाती लागते. रचनाकार आणि शिक्षिका म्हणून त्यांचं काम नेमकं काय आणि ते अभ्यासायला सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक सांगून ठेवते. मी प्रभाताईंची शिष्या नाही. इथे नाशकातच इंदिरानगरात गाणं शिकवते, आणि त्यांच्या बंदिशी (रागात आणि तालात बांधलेल्या रचना) वर्गात बरीच वर्षं देत आले आहे. त्यामुळे मी सांगेन ते मुली-मुलांच्या गळ्यावर या रचना चढताना जे दिसलं त्यातून आलेलं. त्यांच्या सहवासातल्या माणसांकडे याहून वेगळं काही असणारच, ते तुम्ही त्यांच्याकडूनच घ्या.

पुरस्कारांचं काम एका ओळीत उरकून टाका: 1990 पद्मश्री, 1991 संगीत नाटक अकादमी, 2002 पद्मभूषण, 2022 पद्मविभूषण. झालं. यापेक्षा जास्त जागा त्याला देऊ नका. तुमच्या आराखड्यात बहुतेक 'जीवन', 'रचना', 'शैक्षणिक कार्य' अशी तीन प्रकरणं असतील. माझं स्पष्ट मत आहे की यातली शेवटची दोन वेगळी करू नयेत. प्रभाताईंच्या रचना त्यांच्या शिकवण्यातून आणि शिकवताना पडलेल्या प्रश्नांतून कळतात. वेगळी प्रकरणं केलीत की एकीकडे बंदिशींची यादी उरते आणि दुसरीकडे पदांची.

चरित्रातलं जे रचनेच्या दृष्टीनं कामाचं आहे तेवढंच घ्या. जन्म पुण्याचा, 13 सप्टेंबर 1932. घरात गाण्याची परंपरा नाही. आईची प्रकृती बरी नसायची, विरंगुळा म्हणून तिला गाणं शिकवायला मास्तर येऊ लागले. आईनं चार दिवसांत सोडलं आणि आठ वर्षांची मुलगी शिकत राहिली. हा किस्सा सगळेच गोड मानून सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते निराळं. ज्या मुलीला घराण्याचं ओझं जन्मानं मिळालेलं नाही, तिला 'हे असंच का?' असं विचारणं सोपं जातं. पुढे फर्ग्युसनमधून विज्ञानाची पदवी, मग कायद्याची. गाण्यावरचं त्यांचं लेखन वाचताना हे दोन्ही जाणवत राहतं. आधी व्याख्या, मग उदाहरण, मग आक्षेप आणि त्याला उत्तर. आपल्याकडे गाण्यावर असं कोरडं, नेमकं लिहिणारे गायक फार थोडे.

सुरुवातीची तालीम विजय करंदीकरांकडे, नंतर किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. दोघं भावंडं, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं. सुरेशबाबू 1953 मध्ये गेले, तेव्हा प्रभाताई विशीतल्या. पुढे हिराबाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसून त्या गायल्या, फिरल्या. तिकीट लावून बाईनं जाहीर मैफल करायची हा पायंडा पाडणाऱ्यांत हिराबाई अग्रभागी होत्या. स्वर कसा लावावा, श्रोत्यांसमोर कसं बसावं, मैफल किती वेळात आटोपती घ्यावी, हे शिक्षण वर्गात मिळत नाही, गुरूच्या मागे बसूनच मिळतं. याशिवाय उस्ताद अमीर खाँ आणि उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचा आपल्यावर प्रभाव असल्याचं त्यांनी स्वतःच मोकळेपणानं सांगितलंय. ख्यालातली संथ बढत, म्हणजे रागाचा हळूहळू केलेला विस्तार, आणि सरगम, म्हणजे सा रे ग म ही स्वरनावंच गाणं, ऐकताना अमीर खाँ आठवतात, ठुमरीत बडे गुलाम अली. कुणाकडून काय घेतलं हे लपवायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून हा मोकळेपणा टिपून ठेवा. आकाशवाणीवरची नोकरी आणि संगीत नाटकांतल्या भूमिका याही नोंदवा, पण फार रेंगाळू नका.

आता रचनेकडे येऊ.

तुमच्याकडे त्यांची मारुबिहाग आणि कलावती या रागांची जुनी ध्वनिमुद्रिका असेलच. नसेल तर आधी ती मिळवा. दोन बंदिशींचे नुसते मुखडे, म्हणजे सुरुवातीचे शब्द, घ्या. मारुबिहागातला 'जागू मैं सारी रैना' आणि कलावतीतला 'तन मन धन'. दोन्ही त्यांच्याच रचना. गाऊ नका, कागदावर लिहा आणि लघु-गुरू, म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ अक्षरं, मोजा. पहिल्यात जा, गू, मैं, सा, री, रै, ना, सातच्या सात अक्षरं गुरू. दुसऱ्यात त, न, म, न, ध, न, सहाच्या सहा लघु.

हे मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवते तेव्हा मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. कारण त्यांना कळतं की एवढे दिवस आपल्याला जे 'सोपं जातं' किंवा 'अवघड जातं' म्हणून वाटत होतं, त्याचं मूळ इथे आहे. सगळी गुरू अक्षरं असली की कुठल्याही अक्षरावर थांबता येतं. 'जा'वर आकार लावा, 'सा'वर लावा, 'री'वर ईकार खेचा, शब्द तुटत नाही. रात्र सरत नाही ही भावना सांगायला कवीनं वेगळं काही करायची गरजच नाही, अक्षरंच लांबलेली आहेत. मारुबिहाग हा शुद्ध आणि तीव्र अशा दोन्ही मध्यमांचा, मिंडेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात) खुलणारा राग. तीव्र मध्यमावरून गंधारावर उतरताना जो अवकाश लागतो तो या अक्षरांत आयता मिळतो.

'तन मन धन'मध्ये उलट. लघु अक्षर ताणलं की ते कानाला खटकतं, म्हणून गायकाला पुढे सरकावंच लागतं. लय आपोआप उभी राहते. कलावती सा, ग, प, ध आणि कोमल नी एवढ्यावरच चालतो, रे आणि म नाहीत, स्वरांत मोठी अंतरं आहेत. पाच स्वरांच्या रागात लांब अक्षरांची बंदिश बांधली तर ती लवकर रिकामी वाटायला लागते, हा माझा अनुभव. छोटी अक्षरं ती पोकळी भरतात. आणि बघा, त्या सहा अक्षरांत चार अनुनासिक आहेत, तीन न आणि एक म. लय चालती राहते पण आवाज कुठे आपटत नाही. 'पट', 'झट', 'कट' असले शब्द तिथे घातले असते तर तीच चाल खडखडली असती.

प्रभाताईंनी बसून असे लघु-गुरू मोजले असतील असं मी म्हणत नाही. कान तयार असला की हात आपोआप त्या शब्दाकडे जातो. पण तुम्ही अभ्यासक आहात, तुम्ही मोजायला हवं. 'शब्द आणि स्वर यांचा सुंदर मेळ' असली वाक्यं प्रबंधात लिहून काही सिद्ध होत नाही. दहा बंदिशी घ्या, प्रत्येकीच्या मुखड्याची अक्षरं अशी मांडा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर येते ते हातानं टाळी देऊन काढा, आणि शेजारी त्याच रागातली एक जुनी, परंपरेतली बंदिश तशीच मांडा. काय बदललंय ते समोर दिसेल.

त्यांनी नवी बंदिश करायची गरजच का पडली, हे इथे विचारायला हवं. जुन्या बंदिशींच्या शब्दांवर त्यांचा आक्षेप होता. पाठभेद होत होत अर्थ हरवलेले, आजच्या गाणाऱ्या बाईच्या तोंडी विचित्र वाटणारे, कधी नुसते खुंटीसारखे वापरलेले शब्द. हा आक्षेप नवा नाही, आणि नाशिककर म्हणून तुम्हाला तो जवळचा वाटायला हवा. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द घालून त्याच चाली घराघरांत नेल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशकात राहिले, इथेच त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. पलुसकरांनी शब्द बदलले ते समाजानं गाणं स्वीकारावं म्हणून. प्रभाताईंनी शब्द लिहिले ते गाणारीला स्वतःला पटावेत म्हणून. त्यांच्या बंदिशींत शृंगार आहे, विरह आहे, भक्तीही आहे, पण गाणारीला मान खाली घालावी लागेल असं काही नाही. या दोन प्रयत्नांमधल्या पाऊणशे वर्षांत गाणाऱ्या बाईचं स्थान किती बदललं, यावर एक स्वतंत्र प्रकरण होऊ शकेल. तुम्हाला जमलं तर करा, नाहीतर मार्गदर्शक म्हणतील विषय सोडून गेलात.

सगळ्याच बंदिशी सारख्या वजनाच्या आहेत असं मात्र मला वाटत नाही. काही ठिकाणी साहित्य ठरीव ब्रजभाषेच्या साच्यातच राहिलंय, तेच सजन, तीच रैन. चाल उत्तम, शब्द मात्र कुणाचेही असते तरी चाललं असतं. हे लिहायला घाबरू नका. मोठ्या माणसावर प्रबंध लिहिताना आपल्याकडे पहिल्या पानापासून आरती सुरू होते, आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच पकडतात.

आता सरगम. हा त्यांच्या कामाचा गाभा आहे असं मी मानते. त्यांची डॉक्टरेट सरगमवर. किराण्यात सरगम अब्दुल करीम खाँसाहेबांपासून आली, खाँसाहेबांना दक्षिणेतल्या संगीताची ओढ होती आणि तिथून त्यांनी ती उचलली. पण मैफलीत सरगम गाणं म्हणजे शाळेतला धडा म्हणून दाखवणं, अशी नाकं मुरडणारी मंडळी तेव्हाही होती आणि आजही आहेत. प्रभाताईंचं म्हणणं असं की आकार, बोल, तान यांच्यासारखीच सरगम ही स्वतंत्र सामग्री आहे, तिचं स्वतःचं सौंदर्य आहे. हे त्यांनी लिहिलं आणि गाऊन दाखवलं, दोन्ही.

वर्गात हे कसं कळतं ते सांगते. एखादा छोटा वाक्यांश, समजा कलावतीतला ग प ध नी, मी आधी आकारात म्हणवून घेते. मग बंदिशीच्या शब्दांत. मग सरगमनं. पहिल्या दोन वेळा मुलगी गाते, तिसऱ्या वेळी वाचायला लागते. डोळ्यांपुढे जणू वही आलेली असते, स्वर पाठोपाठ टाकल्यासारखे पडतात. कारण तिच्यासाठी सा रे ग म म्हणजे नोटेशन. मग मी तिला फक्त व्यंजनांकडे लक्ष द्यायला सांगते. ग, प, ध यांना ओठ किंवा जीभ क्षणभर बंद व्हावी लागते, तिथे लयीला टोक येतं. म आणि नी नाकातून वाहतात. सा हवेनं सुरू होतो, रे जिभेवर थरथरतो. म्हणजे या सात नावांत तबल्याच्या बोलांसारखीच जड-हलकी अक्षरं आहेत. ग प ध नी म्हणताना तीन टोकं आणि एक वाहणं. हे लक्षात आलं की तीच मुलगी तोच वाक्यांश लयीशी खेळत म्हणते. मग परत आकारात म्हणायला लावलं तर आकारसुद्धा सुधारलेला असतो. प्रभाताईंची कलावतीतली सरगम ऐका आणि कुठल्या स्वरनावावर त्या जोर देतात, कुठलं नुसतं स्पर्शून सोडतात, एवढंच टिपत जा. पानभर टिपण होईल.

याची एक दुसरी बाजूही आहे, ती मला दरवर्षी स्पर्धांना परीक्षक म्हणून बसल्यावर छळते. तीन-चार मुली कलावती गातात आणि चौघींची सरगम एकच. ध्वनिमुद्रिकेतली, जागच्या जागी, श्वाससुद्धा तिथेच. ज्या बाईनं आयुष्यभर स्वतःचा विचार करायला सांगितलं तिच्याच गाण्याची झेरॉक्स काढायची, आणि पालकांनी वर टाळ्या वाजवायच्या. यात दोष मुलींचा कमी, शिकवणाऱ्यांचा जास्त.

नवे राग त्यांनी बरेच बांधले. अपूर्व कल्याण आणि मधुरकंस ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. प्रकल्पात यांची यादी देऊन थांबू नका. एक राग घ्या, त्यातली त्यांची बंदिश ऐकून स्वतः लिहून काढा आणि बघा की बंदिशीशिवाय तो राग तुम्हाला उभा करता येतो का. नव्या रागाची खरी परीक्षा ही. राग बांधणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी तो अर्धा तास मांडला आणि तो ढासळला नाही, तर राग झाला. बाकी मग एक छान बंदिश झाली, तीही काही वाईट गोष्ट नाही.

शिक्षिका म्हणून त्या 1979 ते 1992 या काळात मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. गुरुगृही शिकलेली गायिका विद्यापीठात गेली की दोन गोष्टी होतात. एकतर ती अभ्यासक्रमाला कंटाळून निघून जाते, नाहीतर गाणं सोडून कारकून होते. त्यांचं दोन्ही झालं नाही. विद्यापीठात वेळ तासाच्या घंटेनं ठरतो, एका वर्गात वेगवेगळ्या पट्टीचे आणि कुवतीचे गळे असतात, आणि परीक्षेला ठरावीक राग तयार व्हावे लागतात. अशा ठिकाणी छोटी, बांधेसूद, रागाचा चेहरा तालाच्या पहिल्या आवर्तनात (फेरीत) दाखवणारी बंदिश लागते. त्यांच्या बऱ्याच मध्यलय आणि द्रुत (जलद लयीच्या) बंदिशी मला तशा वाटतात. हा माझा तर्क आहे. तुम्ही बंदिशसंग्रह चाळून तो तपासा, खोटा ठरला तर तसं लिहा.

गुरुकुल पद्धत त्यांनी टाकली नाही. पुण्यात 'स्वरमयी गुरुकुल' उभं केलं, तिथे गुरूजवळ बसून शिकणं आणि विद्यापीठातला शास्त्राचा विचार यांची सांगड घालायचा प्रयत्न होता. लिहिणंही सतत. मराठीत 'स्वरमयी' आणि 'सुस्वराली', इंग्रजीत 'एनलायटनिंग द लिसनर', बंदिशींसाठी 'स्वरांगिणी' आणि 'स्वरंजनी'. 2016 साली तर एकाच मंचावर त्यांची अकरा पुस्तकं प्रकाशित झाली. तुम्ही 'स्वरमयी'पासून सुरुवात करा, कारण ते सामान्य श्रोत्याशीही बोलतं. बंदिशींची पुस्तकं शेवटी, आणि तीही ध्वनिमुद्रण शेजारी ठेवूनच. छापील स्वरलेखनात मिंड आणि कणस्वर (स्वराला ओझरते लागणारे शेजारचे स्वर) जितके उतरतात त्याहून कितीतरी जास्त निसटतात. टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, 1840 पासूनची संस्था आहे, संगीताच्या कपाटात हाताला काय लागेल सांगता येत नाही.

रागसमयाबद्दलची त्यांची भूमिका तुमच्या प्रकल्पात यायलाच हवी, कारण त्यावरून वाद होतात. अमुक राग अमुक प्रहरीच गायला पाहिजे याला पक्का आधार काय, असा प्रश्न त्या उघडपणे विचारत. तर्क म्हणून मला तो पटतो. बंद सभागृहात, वातानुकूलित हवेत, दिव्यांखाली संध्याकाळ आणि सकाळ यांत काय फरक? पण आमच्याकडे दिवाळीत पिंपळपारावर पाडवा पहाट असते. उघड्यावर, अंधार फिटत असताना लोक अंघोळी करून, नवे कपडे घालून येऊन बसतात. तिथे कुणी सुरुवातीलाच रात्रीचा मारुबिहाग मांडला तर पारावरची जुनी मंडळी माना हलवणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही तो लागणार नाही. कानाला लागलेली सवय हाही एक प्रकारचा पुरावाच आहे, असं मला वाटतं. प्रभाताईंना हे मान्य झालं नसतं. तुम्ही दोन्ही बाजू मांडा आणि तुमची कुठली ते लिहा.

तुलनेसाठी एक-दोन रचनाकार शेजारी ठेवल्याशिवाय प्रकल्प उभा राहणार नाही. कुमार गंधर्वांचा 'अनूपरागविलास', पं. रामाश्रय झा 'रामरंग' यांची 'अभिनव गीतांजली', आणि जवळच्या काळातली बाई हवी तर अश्विनी भिडे-देशपांडे यांची 'रागरचनांजली'. कुमारांची बंदिश बहुतेकदा एखाद्या क्षणातून उठते, रामरंगांची रागाच्या व्याकरणातून. प्रभाताईंची या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे, पण तिचा मूळ रोख गाणाऱ्या गळ्याकडे आहे असं मला वाटत आलंय. ती गायला बरी वाटते. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण स्वतः एक बंदिश बांधून विद्यार्थ्याच्या हाती द्या, मग कळेल.

13 जानेवारी 2024 ला त्या पुण्यात गेल्या, एक्क्याण्णव वर्षांच्या असताना. त्याच दिवशी मुंबईत त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. म्हणजे तुम्हाला आता त्यांना भेटता येणार नाही, पण त्यांच्याजवळ बसून शिकलेली माणसं पुण्या-मुंबईत आहेत. वेळ मागून घ्या आणि जा. जाताना प्रश्न लिहून न्या, आणि 'ताई कशा होत्या' हा त्यातला शेवटचा ठेवा, कारण तो आधी विचारलात की दोन तास आठवणींत जातील आणि तुमच्या वहीत काही उतरणार नाही. विचारायचं ते हे: एखादी बंदिश शिकवताना त्यांनी शब्द बदलला का, आणि का बदलला? आधी एका तालात होती आणि मग दुसऱ्या तालात नेली, असं कुठल्या बंदिशीचं झालं का? सरगम विद्यार्थ्याला कधी करू देत, कितव्या वर्षी? कुणी अगदी त्यांच्यासारखं गायलं तर त्या काय म्हणत? उत्तर देताना समोरचा माणूस बहुतेक गाऊनच दाखवेल, तेव्हा आधी परवानगी घेऊन रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि तंबोऱ्याची पट्टी लिहून घ्यायला विसरू नका.